माठातलं पाणी आणि फोनच्या माथ्यावरची पट्टी

दोस्तांनो, घरातला मोबाइल एक मिनिट हातात घ्या बरं. आईला विचारून हं! खेळ नको, गाणी नकोत. फक्त पडद्याच्या अगदी वरच्या कडेला पाहा. काय काय दिसतं? घड्याळ, टॉवरच्या काड्या, वायफायचा पंखा, बॅटरी. कुणाच्या फोनवर ब्लूटूथची ती बाणासारखी खूणही असेल.

या पट्टीला 'स्टेटस बार' म्हणतात. स्टेटस म्हणजे स्थिती. दवाखान्यात पेशंटच्या पलंगाला एक तक्ता अडकवलेला असतो ना? ताप किती, नाडी किती, सगळं एका नजरेत कळतं. फोनच्या माथ्यावरची ही पट्टी म्हणजे तसाच तक्ता आहे. फरक इतकाच, की हा तक्ता अक्षरांऐवजी चित्रांत लिहिलेला आहे.

आणि या चित्रांनाही आपापल्या गोष्टी आहेत, बरं का! ब्लूटूथची खूण घ्या. दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हॅराल्ड नावाचा राजा होता. त्याचं टोपणनाव होतं ब्लूटूथ, म्हणजे 'निळा दात'! त्या काळच्या रूनिक लिपीतली 'ह' आणि 'ब' या आवाजांची दोन अक्षरं एकमेकांवर ठेवली, की ती खूण तयार होते. हजार वर्षांपूर्वीचा राजा आपल्या खिशात बसलाय. आहे की नाही गंमत?

पण ही चित्रं काढतं कोण? ती बदलता येतात का? हा प्रश्न मला माझ्या भाच्याने विचारला आणि तिथून पुढे जे रामायण घडलं, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

मामा, मला माठ हवाय!

भाचा नववीत आहे. चित्रकला चांगली, आणि डोक्यात सदा काहीतरी शिजत असतं. एका रविवारी तो माझा जुना फोन घेऊन आला. कपाटात पडून असलेला, अँड्रॉइडच्या 'जेली बीन' आवृत्तीवर चालणारा. ही आवृत्ती २०१२ सालची.

"मामा, ही बॅटरी बघ ना. नुसता डबा! मला इथे माठ हवाय. चार्जिंग भरलेलं असलं की माठ भरलेला, संपत आलं की माठ रिकामा."

"अरे, कल्पना झकास आहे. पण आधी मला सांग, हा डबा काढला कुणी?"

तो गप्प. मग आम्ही दोघं शोधायला बसलो.

अँड्रॉइड ही फोन चालवणारी यंत्रणा. तिच्या पोटात 'सिस्टिम यूआय' नावाचं एक ॲप असतं. ते आपल्याला इतर ॲपसारखं दिसत नाही, पण वरची पट्टी तेच रंगवतं. सूचनांचा पडदा खाली ओढता ना, तोही त्याचाच. म्हणजे हा फोनच्या घरातला पेंटरच म्हणा!

आता दुसरी गंमत. अँड्रॉइडचं कुठलंही ॲप ज्या फाइलमध्ये बांधलेलं असतं, ती असते एक साधी झिप फाइल. म्हणजे आवळून बांधलेलं गाठोडं. संगणकावर गाठोडं सोडलं, की आतले कप्पे दिसतात. एका कप्प्यात चित्रं सापडली. बॅटरीचं चित्र एकच असेल असं भाच्याला वाटलं होतं. निघाली आठ! कुठलं शून्य टक्क्यांचं, कुठलं १५ चं, कुठलं २८ चं, असं करत शंभरापर्यंत.

म्हणजे बॅटरीचा डबा हळूहळू रिकामा होत नसतोच. फोनच्या आत बॅटरीच्या चार्जिंगचा हिशेब चालतो. तिथून एक आकडा मिळतो. समजा, ३० आला. मग पेंटर आठ चित्रांतलं त्या आकड्याला ठरवून दिलेलं चित्र उचलतो आणि भिंतीवर टांगतो. आकडा बदलला, की दुसरं चित्र. बस्स!

भाच्याचे डोळे चमकले. "म्हणजे आठ माठ काढले की झालं!"

किल्ली कुणाच्या हातात?

थांबा, इतकं सोपं नव्हतं. गाठोडं वाचता येत होतं, पण बदललेलं गाठोडं परत जागेवर ठेवायला फोन तयार नव्हता.

का बरं? अँड्रॉइडचा पाया आहे 'लिनक्स'. लिनक्समध्ये प्रत्येकाला आपापली खोली असते. प्रत्येक ॲप स्वतःच्या खोलीत राहतं, दुसऱ्याच्या खोलीत डोकावू शकत नाही. म्हणूनच एखाद्या खेळाच्या ॲपला बँकेच्या ॲपमधलं काही वाचता येत नाही. आणि यंत्रणेच्या फाइली ज्या भागात असतात, तिथे तर फक्त वाचायचं, लिहायचं नाही.

सगळ्या खोल्यांची किल्ली एकाच वापरकर्त्याकडे असते. त्याचं नाव 'रूट', म्हणजे मूळ. त्याचा क्रमांक शून्य. तो काहीही वाचू शकतो, बदलू शकतो, पुसूही शकतो. नवा फोन विकत घेतला, तरी ही किल्ली आपल्याला मिळत नाही. कंपनी ती देत नाही. ती मिळवणं म्हणजे फोन 'रूट करणं'.

आमचा फोन जुना होता, त्यात ना सिमकार्ड होतं, ना कुणाचे फोटो. तो बिघडला असता तरी कुणाचं काही अडणार नव्हतं. म्हणून मी हो म्हटलं. रूट करण्याची रीत मॉडेलगणिक वेगळी असते, म्हणून ती इथे सांगत बसत नाही. आणि थोडं पुढे वाचलंत, की कळेल मी हात का आखडता घेतोय ते!

पट्टीच गायब!

भाच्याने दोन दिवस खपून आठ माठ काढले. तिवईवर ठेवलेला लाल माठ, आत निळं पाणी. मूळ चित्र जितक्या ठिपक्यांचं लांब-रुंद होतं, तितकंच नवं. नावही तेच, अक्षर न् अक्षर तेच. कारण पेंटर चित्र ओळखतो ते नावावरून. मूळ गाठोड्याची एक प्रत आम्ही संगणकावर जपून ठेवली. हे विसरायचं नाही. जुनं जपल्याशिवाय नव्याला हात लावायचा नाही!

नवं गाठोडं फोनमध्ये ठेवलं. फोन बंद करून पुन्हा सुरू केला. आणि काय! वरची पट्टीच गायब! घड्याळ नाही, काड्या नाहीत, माठही नाही.

भाच्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "मामा, फोन मेला का?"

मेला नव्हता. एक आकडा चुकला होता. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलवर तीन आकडी परवाना असतो. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. वाचायचे गुण ४, लिहायचे २, चालवायचा १. आता करा बेरीज. मालकाला वाचता-लिहिता यावं, म्हणून ४ अधिक २ बरोबर ६. इतरांनी फक्त वाचावं, म्हणून ४. म्हणजे परवाना हवा ६४४. आमच्या फाइलवर पडला होता ६००. म्हणजे मालक सोडून बाकी सगळ्यांना शून्य! बिचाऱ्या पेंटरला स्वतःचंच गाठोडं उघडता येत नव्हतं.

आकडा दुरुस्त केला, फोन पुन्हा सुरू केला, आणि वरच्या कोपऱ्यात इवलासा लाल माठ हजर! भाच्याने घर डोक्यावर घेतलं. आजीला दाखवला, शेजारच्यांना दाखवला. "अगंबाई, खरंच माठ आहे की!" आजी म्हणाली.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण खरी गोष्ट इथूनच सुरू होते.

माठ खोटं बोलला

मूळचा हट्ट पुरा झाल्यावर भाच्याने दुसरा हट्ट धरला. याच फोनमध्ये घरातलं एक जादा सिमकार्ड घालून तो क्लासला न्यायचा. मित्रांना माठ दाखवायचा होता ना!

पावसाळ्याचे दिवस. एका संध्याकाळी सात वाजता घरी येणारा पोरगा आठ वाजले तरी आला नाही. बाहेर धो धो पाऊस. फोन लावला, तर बंद. ताई दारात, आजी देवापुढे. मी छत्री घेऊन स्टॉपवर. नऊला तो ओलाचिंब होऊन आला. रस्त्यात पाणी साचल्याने बस अडकली होती. त्याला फोन करायचा होता, पण फोन तर बंद पडलेला.

"पण मामा, क्लासमध्ये मी पाहिलं होतं! अर्धा माठ पाणी होतं!" तो रडवेला होऊन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती आठ चित्रं शेजारी शेजारी मांडली. आणि उलगडा झाला. १५ टक्क्यांच्या चित्रात पाणी जवळजवळ अर्ध्या माठापर्यंत होतं!

"हे असं का रे काढलंस?"

तो खाली मान घालून म्हणाला, "रिकामा माठ बरा दिसत नव्हता."

पाहिलंत? चित्र सुंदर दिसावं म्हणून हात थोडा सैल सोडला आणि चित्र खोटं बोलायला लागलं. बॅटरीने काही फसवलं नव्हतं. आकडा बरोबर होता. चार्जिंग कमी झाल्याची सूचनाही आली असेल, पण तेव्हा फोन दप्तरात होता. भाच्याने विश्वास ठेवला तो माठावर.

त्याच दिवशी त्याने नवे माठ काढले. १५ चा माठ तळाला टेकलेला आणि पाणी लालभडक. तो आता तितका देखणा दिसत नाही. पण खरं बोलतो!

मोठ्यांच्याही काड्या चुकतात

ही चूक फक्त नववीतल्या मुलाची असं समजू नका. २०१० च्या जून महिन्यात ॲपल कंपनीचा आयफोन-४ बाजारात आला. फोन एका विशिष्ट तऱ्हेने हातात धरला, की रेंजच्या काड्या धडाधड घसरायच्या. लोकांनी ओरड केली. २ जुलैला कंपनीने पत्र काढून मान्य केलं, की किती काड्या दाखवायच्या हे ठरवणारं आपलं सूत्रच चुकलेलं आहे, आणि बऱ्याच वेळा फोन खरी असायला हवी त्यापेक्षा दोन काड्या जास्त दाखवतो! म्हणजे रेंज मुळात कमीच असायची, पण काड्या भरलेल्या दिसायच्या. त्याच महिन्यात सूत्र बदललं गेलं. अँटेनाची तक्रार होती ती वेगळीच. तिच्यासाठी पुढे फोनला फुकट कव्हर दिलं गेलं.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलंच. २०१९ च्या जानेवारीत एटी अँड टी या कंपनीने काही फोनच्या पट्टीवर '५जी ई' अशी खूण दाखवायला सुरुवात केली. नेटवर्क होतं सुधारलेलं ४जी. खूण बदलली, म्हणून नेटवर्क थोडंच बदलतं? स्प्रिंट या दुसऱ्या कंपनीने कोर्टात दावा लावला. २०२० मध्ये जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या मंडळाने सांगितलं, की 'फाइव्ह-जी इव्होल्यूशन' हे शब्द जाहिरातीतून काढा, आणि कंपनीने ते मानलं.

मग खरी रेंज कशी कळणार? फोनच्या सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' या भागात सिमची माहिती असते. बहुतेक फोनवर तिथे 'सिग्नल स्ट्रेंग्थ' नावाने एक उणे आकडा दिसतो. उणे ७०, उणे ९०, उणे ११० असा. शून्याच्या जितकं जवळ, तितकी रेंज चांगली. आणि दहा अंकांचा फरक म्हणजे दहापट बरं का! म्हणजे उणे ९० पेक्षा उणे ७० ची रेंज किती पट? वीस अंकांचा फरक, म्हणून दहा गुणिले दहा, शंभर पट! काड्यांमध्ये हे कळलं असतं का?

रंगातला निरोप, ठिपक्यातला इशारा

कधी कधी चित्राच्या नुसत्या रंगातही निरोप असतो. २०१० च्या अँड्रॉइडमध्ये काड्या आणि पंखा हिरवे असत, २०११ च्या आवृत्तीत निळे झाले. तो रंग सांगायचा, की फोनचं गूगलच्या सेवांशी बोलणं चालू आहे. बोलणं तुटलं, की रंग उडायचा. २०१३ मध्ये चिन्हं पांढरी झाली. त्या दिवसांत ज्याने हौसेने सगळी चिन्हं गुलाबी केली, त्याचा तो निरोप पुसला गेला!

आणि सगळ्यात महत्त्वाचं चिन्ह आहे सगळ्यात लहान. २०२१ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १२ पासून, एखाद्या ॲपने कॅमेरा किंवा माइक चालू केला, की वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण उमटते आणि तिचा बारीक ठिपका होऊन राहतो. तो म्हणत असतो, 'सावध, कुणीतरी पाहतंय किंवा ऐकतंय!' आता विचार करा. रूटची किल्ली असली की माठ बसवता येतो, तसा हा ठिपकाही काढून टाकता येतो. किल्ली कुणा भलत्याच्या हाती लागली तर? पट्टी स्वच्छ दिसेल आणि आपण निर्धास्त राहू. म्हणून किल्ली जपायची.

किल्लीची किंमत

अलीकडच्या फोनला रूट करायचं, तर आधी 'बूटलोडर' नावाचं दार उघडावं लागतं. फोन सुरू होताना पहिल्यांदा जागा होतो तो हा राखणदार. त्याचं कुलूप उघडलं, की फोनमधली सगळी माहिती पुसली जाते. फोटो, निरोप, सगळं. दुष्टपणा म्हणून नाही हं! चोराने फोन पळवून कुलूप उघडलं, तरी त्याच्या हाती काही लागू नये, म्हणून. काही कंपन्या तर हे दार उघडूच देत नाहीत, आणि उघडलंत तर वॉरंटीवरही पाणी सोडावं लागू शकतं.

शिवाय राखणदार यंत्रणेची तपासणीही करतो. बाईंनी वहीच्या पानापानावर सही केलेली असते, तशी यंत्रणेच्या प्रत्येक तुकड्यावर गणिती खूण असते. एक ठिपका बदलला, तरी खूण जुळत नाही. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून हा नियम कडक झाला. म्हणून हौशी लोकांनी दुसरी युक्ती काढली. पानाला हात लावायचा नाही, वर पारदर्शक कागद ठेवून त्यावर चित्र काढायचं! जॉन वू याने २०१६ मध्ये तयार केलेलं 'मॅजिस्क' याच जातीचं. हाच जॉन वू २०२१ मध्ये गूगलच्या अँड्रॉइड-सुरक्षा गटात रुजू झाला. किल्ली घडवणाऱ्याला कुलपांच्या कारखान्यात बोलावणं आलं!

आईबाबांसाठी दोन शब्द: ज्या फोनवर बँकेचं ॲप आहे, ज्यावरून पैसे दिले जातात, तो फोन रूट करू देऊ नका. बँकेची बरीच ॲप रूट केलेल्या फोनवर चालत नाहीत, आणि त्याला कारणही आहे. खोल्यांच्या भिंती तिथे मजबूत राहत नाहीत. पण कपाटातला जुना, मोकळा फोन मुलांना जरूर द्या. मोडू दे, जोडू दे. सोबत बसा मात्र.

आणि रूट न करताही थोडं काही करता येतं. बहुतेक फोनच्या सेटिंगमध्ये बॅटरीचे टक्के आकड्यात दाखवायची सोय असते. चित्रापेक्षा आकडा कधीही बरा! काही फोनवर नको ती चिन्हं झाकूनही ठेवता येतात.

करून पाहा

चौकटींची वही घ्या. २४ गुणिले २४ चौकटींचा चौरस आखा. पट्टीवरच्या सूचनांच्या चिन्हांचं हेच मूळ माप. दाट ठिपक्यांच्या पडद्यासाठी तेच चिन्ह ३६, ४८ किंवा ७२ ठिपक्यांचं काढतात. २४ च्या चौरसात चौकटी किती? आणि ७२ च्या चौरसात त्याच्या किती पट? गणित तुम्हीच करा.

आता त्यात बॅटरीसाठी तुमचं चित्र काढा. माठ, मेणबत्ती, चहाचा कप, काहीही. चार चित्रं: भरलेलं, अर्धं, थोडंसं आणि संपत आलेलं. मग वही हातभर लांब धरून आजीला विचारा, "यातलं संपत आलेलं कुठलं?"

आजीने चटकन बरोबर बोट ठेवलं, तर तुमचं चित्र पास. नाही ठेवलं, तर चूक आजीच्या चष्म्याची नाही, बरं का. चित्र पुन्हा काढा!